त्यांना सांग

डायरेक्ट स्पीचचं इनडायरेक्ट करणं मला शाळेत कधी जमलं नाही. पुढे मी कॉमर्सला गेलो त्याचं खरं कारण हेच. घरी मात्र 'बँकेत स्कोप आहे' असं सांगितलं होतं. आकड्याचं एक बरं असतं. तो कुणीही कुणालाही सांगितला तरी तोच राहतो. वाक्याचं तसं नाही. राम इंग्रजीत 'मी उद्या इथे येईन' म्हणाला, की व्याकरण 'मी'चा 'तो' करतं, 'उद्या'चा 'दुसरा दिवस' करतं, 'इथे'चं 'तिथे' करतं आणि 'विल'चं 'वुड' करतं. रामाचं असं काही त्या वाक्यात उरत नाही. तो येईल की नाही, याचीही मग खात्री वाटत नाही.

तीस वर्षांनी हे संकट पुन्हा दारात आलं. कन्या नववीत गेली आणि एका सोमवारी संध्याकाळी वही घेऊन समोर बसली. "बाबा, घटक चाचणीला डायरेक्ट-इनडायरेक्ट आहे. शिकवा ना."

योगायोग असा, की त्या वेळी आमचं अख्खं घरच इनडायरेक्टमध्ये चाललं होतं.

झालं होतं असं. एका सहकाऱ्याच्या कर्जाला मी जामीन राहिलो होतो, घरी न विचारता. त्यानं हप्ते थकवले आणि पतपेढीनं ते माझ्या पगारातून कापायला सुरुवात केली. १८७२ सालच्या करार कायद्याचं कलम १२८ मला पाठ आहे. वेगळं काही ठरलेलं नसेल तर कर्जदाराची जेवढी जबाबदारी तेवढीच जामीनदाराची. हे मी काउंटरवर कैक लोकांना समजावलं आहे. स्वतःला समजवायचं तेवढं राहून गेलं. पगाराची स्लिप रविवारी सौ.च्या हाती लागली आणि तेव्हापासून ती माझ्याशी थेट बोलेना.

"बाबांना सांग, ताट वाढलंय."

"आईला सांग, आलो."

आमच्यात अंतर असेल दोन हात. मध्ये कन्या.

अशा वातावरणात मी शिकवणी सुरू केली. सार्वकालिक सत्य असेल तर काळ बदलायचा नाही, हा एक नियम. पृथ्वी सूर्याभोवती फिरते ती फिरतेच, मग ते कुणी कधीही सांगो. "बाबांना सांग, त्यांना कुणालाही नाही म्हणता येत नाही," हे स्वयंपाकघरातून आलेलं वाक्य कन्येनं याच नियमाखाली जसंच्या तसं माझ्या हवाली केलं.

दुसरा नियम उद्गारांचा. 'अलास' काढून टाकायचं आणि 'एक्सक्लेम्ड विथ सॉरो' लिहायचं.

"आणि कुणी भांडी आपटली तर?" कन्येनं आत बघत विचारलं.

"ते तुमच्या पोर्शनला नाही," मी म्हटलं.

मराठीत ही यातायात नाही. 'तो म्हणाला, की पुढच्या महिन्यापासून हप्ते भरतो.' आठ महिने लोटले तरी हे वाक्य ताजंच. पुढचा महिना आपला पुढेच. इंग्रजीत त्याचा 'द फॉलोइंग मंथ' होतो आणि तो महिना कधीच उलटून गेला, हे लख्ख कळतं. वाण्याच्या दुकानातली 'आज रोख, उद्या उधार' ही पाटी डायरेक्ट स्पीचमध्ये आहे म्हणून वाणी तगून आहे. कुणी ती इनडायरेक्ट केली तर दुसऱ्या दिवशी दारात रांग लागेल.

शेवटी 'सेड'चा नियम आला. आज्ञार्थी वाक्यात 'सेड' ठेवायचं नाही. भाव बघून 'ऑर्डर्ड', 'रिक्वेस्टेड', 'अ‍ॅडव्हाइज्ड', 'बेग्ड' यांपैकी योग्य ते क्रियापद घालायचं.

"पण भाव कोण ठरवणार?"

"जो निरोप पोचवतो तो," मी म्हणालो. म्हणालो खरा, पण न वाचता सही करायची माझी खोड तुम्हाला आता ठाऊक झाली आहेच.

ज्या रेन आणि मार्टिन यांच्या व्याकरणानं आमच्या कित्येक पिढ्या घाम पुसत बसल्या, त्यांतला रेन हा कादंबरीकारही होता. त्याची १९२४ सालची 'बो जेस्त' प्रसिद्ध आहे. तिच्यात घरातला मोलाचा नीलमणी नाहीसा होतो आणि बाकीच्यांवर आळ येऊ नये म्हणून तीन भाऊ एकामागून एक घर सोडून सहारात फ्रेंचांच्या फौजेत भरती होतात. मला सहारात जायचं नव्हतं. नुसतं स्वयंपाकघरात जाऊन 'चुकलं' म्हणायचं होतं. तेवढंच होत नव्हतं.

आणि गुरुवारी सकाळी चमत्कार झाला. "डबा घ्या," सौ. मला म्हणाली. थेट मला! "आणि छत्री विसरू नका."

संध्याकाळी मी भीत भीत विचारलं, "राग गेला वाटतं?"

"सोमवारीच अर्धा गेला. 'माझं चुकलं, यापुढे तुला विचारल्याशिवाय सही करणार नाही,' असा निरोप पाठवलात ना? बरं वाटलं."

मी गप्प राहिलो. सोमवारी मी म्हटलं होतं, "आईला सांग, चूक काय कुणाच्या हातून होत नाही?" त्यावर कन्येनं आणलेलं उत्तरही मला आठवलं. 'आई म्हणते, पैशाचं काही नाही, फक्त आधी सांगायला हवं होतं.' ते ऐकून मीही विरघळलो होतो. सौ.चं मूळ वाक्य काय होतं, ते मी विचारलं नाही. काही खाती उघडू नयेत.

कन्येला मात्र गाठलं. "काय गं, मी असं कधी म्हटलं होतं?"

"भाव बघून क्रियापद घातलं, बाबा. तुम्हीच शिकवलंत."

शनिवारी चाचणीचा पेपर मिळाला. दहापैकी चार. खाली बाईंचा तांबडा शेरा होता : 'मूळ वाक्याचा अर्थ बदलू नये.' मी मुकाट्यानं सही केली. या वेळी वाचून.

रात्री जेवणं झाल्यावर मी तीनदा पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. डायरेक्ट स्पीचला खरं म्हणजे फार काही लागत नाही. एक स्वल्पविराम आणि दोन बाजूंना अवतरणचिन्हं. चौथ्या खेपेला ते जमलं.

"माझं चुकलं," मी म्हणालो. "तुला विचारायला हवं होतं."

सौ. ओटा पुसत होती. "म्हणालात की सोमवारी."

"सोमवारी मी नव्हतो म्हणालो."

"ठाऊक आहे," ती फडकं पिळत म्हणाली. "इतकी सरळ भाषा तुमची नव्हेच."