पिवळ्या दगडाचं बेट

माल्टा, गोझो आणि कॉमिनो मिळून क्षेत्रफळ 316 चौरस किलोमीटर. बृहन्मुंबईच्या साधारण निम्मं. वस्ती साडेपाच लाखांच्या आसपास, आणि 2024 साली आलेले पर्यटक 35 लाखांहून अधिक. नदी नाही, तळं नाही, डोंगर म्हणावा असा डोंगरही नाही. दिंगलीचा कडा अडीचशे मीटरचा, तीच सगळ्यांत उंच जागा. मुख्य बेटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला तासभर लागलाच, तर तो अंतरामुळे नाही, ट्रॅफिकमुळे.

*

घरं, चर्च, किल्ले, बांध, सगळं एकाच मऊ पिवळ्या चुनखडीचं. हा दगड जमिनीतून काढला की करवतीने कापता येतो, मग उन्हापावसात वरून घट्ट होत जातो. सकाळी फिकट, दुपारी डोळ्यांना न सोसणारा, आणि संध्याकाळी मधाच्या रंगाचा. प्रत्येक घराला लाकडी बंद सज्जा: हिरवा, लाल, निळा. फोटो काढायचे तर संध्याकाळीच. दुपारी नुसतं चकाकतं.

*

गाड्या डाव्या बाजूने चालतात, प्लग तीन चौकोनी पिनांचे आणि नाक्यावर लाल टेलिफोन बूथ. 1964 पर्यंत इंग्रजांचं राज्य होतं, त्याच्या या खुणा. आपल्या माणसाला रस्ता ओलांडताना उजवीकडे बघायचं की डावीकडे, हा युरोपातला नेहमीचा घोळ इथे होत नाही.

*

राहण्याविषयी. ‘फिनिशिया’ हे राजधानी व्हॅलेटाच्या वेशीलगतचं जुनं मोठं हॉटेल, 1947 साली उघडलेलं. राजकन्या एलिझाबेथ, राणी होण्याआधी, नवऱ्याच्या नौदलातल्या नोकरीमुळे 1949 ते 1951 या काळात माल्टाला येऊन-जाऊन राहत होती. या हॉटेलच्या बॉलरूममध्ये ती नाचायला यायची, हे हॉटेलवाले आवर्जून सांगतात. तिचा मुक्काम मात्र पिएटा गावातल्या व्हिला ग्वार्डामांजियात असे. ब्रिटनबाहेर ती घर करून राहिली असं हे एकच ठिकाण. ते घर 2020 मध्ये माल्टा सरकारने विकत घेतलं.

म्दिना या जुन्या तटबंद राजधानीत ‘शारा पॅलेस’ आहे, पूर्वीचा सरदारवाडा. दिवसा म्दिनात पाय ठेवायला जागा नसते. बाहेरच्यांच्या गाड्यांना आत मज्जाव असल्यामुळे, सहलींच्या बसगाड्या परत गेल्या की गल्ल्या एकदम रिकाम्या होतात. तिथे मुक्काम करणारे खरं तर या रिकामेपणाचेच पैसे देत असतात. दिले तर वाया जात नाहीत.

सेंट ज्युलियन्सचे काचेचे मनोरे मला पटले नाहीत. तसले दुबईतही आहेत, आणि तिथे सर्व्हिस बरी असते.

*

व्हॅलेटाच्या आत राहणारी माणसं आता जेमतेम पाच-सहा हजार. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी 20 हजारांवर होती. जुन्या वाड्यांची एकामागून एक ‘बुटीक हॉटेलं’ झाली. खोली सुंदर असते, खिडकीतून बंदर दिसतं. पण खालच्या मजल्यावरचा वाणी गेलेला असतो आणि त्याच्या जागी जेलाटोचं दुकान आलेलं असतं. वाडा पडून जाण्यापेक्षा हॉटेल झालेलं बरं, हे खरंच. तरी एखाद्या सज्जात वाळत घातलेले कपडे दिसले की बरं वाटतं.

*

सेंट जॉन्स को-कॅथेड्रल. 1572 ते 1577 मध्ये जिरोलामो कासारने बांधलं. तो लष्करी बांधकामं करणारा माणूस, त्यामुळे बाहेरून इमारत तुरुंगासारखी रूक्ष. आत शिरल्यावर सोनं अंगावर येतं. छतभर मात्तिया प्रेतीची चित्रं, भिंतीच्या दगडातच कोरून मुलामा दिलेली नक्षी, आणि पायाखाली सुमारे 400 थडगी. सेंट जॉनच्या पंथाचे सरदार-नाइट इथे पुरलेले आहेत. रंगीत संगमरवरात त्यांच्या ढाली, तुताऱ्या, कवट्या आणि दात विचकणारे सांगाडे जडवलेत. टोकदार टाचांच्या चपला घालून आत सोडत नाहीत. फरशी खराब होते. दारावर बायकांची यावरून होणारी हुज्जत हाही एक कार्यक्रमच.

पण पाहायचं ते बाजूच्या दालनात. काराव्हाज्जोचं योहानाच्या (म्हणजे याच सेंट जॉनच्या) शिरच्छेदाचं चित्र, 1608 सालचं. रुंदी पाच मीटरांहून जास्त. ज्या भिंतीसाठी काढलं तिथेच आजही आहे. दरवाजातून आत आलो की आधी अंधारच दिसतो. चित्राचा उजवा अर्धा भाग जवळजवळ मोकळा आहे: नुसती तुरुंगाची भिंत, एक दोर लोंबतोय, आणि गजांआडून दोन कैदी मान वाकडी करून बघताहेत. माणसं सगळी डावीकडे गोळा झालेली. योहान पालथा पडलाय, मान कापली आहे पण तुटलेली नाही. मारेकऱ्याने एका हाताने त्याचे केस धरलेत आणि दुसरा हात पाठीमागे कमरेच्या सुरीकडे गेलाय, कारण तलवारीने काम पुरं झालं नाही. तुरुंगाधिकारी खाली तबकाकडे बोट दाखवतोय, लवकर आटप म्हणावं तसं. एक पोरगी तबक घेऊन वाकली आहे. एकट्या म्हातारीने डोकं दोन्ही हातांत धरलंय. त्या सगळ्यांत जे चाललंय ते भयंकर आहे हे तिला एकटीलाच कळलेलं.

मानेतून वाहिलेल्या रक्ताचं खाली थारोळं झालंय आणि त्याच रक्तातून चित्रकाराने आपलं नाव लिहिलंय. त्याने सही केलेलं हे एकमेव चित्र.

रोममध्ये 1606 साली एकाचा खून करून हा माणूस पळाला होता. माल्टात येऊन चित्राच्या जोरावर नाइट झाला. थोड्याच दिवसांत मारामारी, सेंट अँजेलोच्या किल्ल्यात कैद, तिथूनही पलायन, थेट सिसिली. 1 डिसेंबर 1608 रोजी पंथाने त्याच्या गैरहजेरीत त्याला बाहेर काढलं. तो समारंभ झाला याच दालनात, याच चित्रापुढे.

हेडफोनवरची माहिती संपायच्या आत लोक निघून जातात. इथे अर्धा तास बसावं. बाकं आहेत.

*

माल्टा या नाइटांना मिळालं 1530 मध्ये, सम्राट पाचव्या चार्ल्सकडून. खंडणी वर्षाला एक ससाणा. 1565 च्या उन्हाळ्यात उस्मानी तुर्कांनी वेढा घातला, तो फसला आणि पुढच्याच वर्षी व्हॅलेटाचा पाया घातला गेला. गाइड मंडळींचा सगळा इतिहास या एका उन्हाळ्यात बसतो.

बिर्गूच्या खाडीत आज श्रीमंतांच्या महाकाय यॉट्स नांगरलेल्या असतात. डेकवर पांढऱ्या गणवेशातला नोकर पितळी कठडे पुसत असतो. पूर्वी याच पाण्यात नाइटांच्या गॅली उभ्या राहत, आणि त्या वल्हवायला साखळदंडातले गुलाम असत. समुद्रात पकडलेले मुसलमान बहुतेक. गुलामांचा बाजार हा या बेटाचा मोठा धंदा होता. नेपोलियनने 1798 मध्ये नाइटांना हाकललं तेव्हाच तो अधिकृतपणे बंद झाला. बिर्गूच्या धक्क्यावर कॉफी छान मिळते, पण ही माहिती मेन्यूत नसते.

*

पाओला हे अगदी साधं गाव. 1902 मध्ये घरांसाठी पाण्याची टाकी खणताना मजुरांनी जमिनीखालची पोकळी फोडली. ते निघालं हाल साफ्लिएनीचं हायपोजियम: खडकात तीन मजले खाली कोरत नेलेली दफनभूमी. काम सुरू झालं सुमारे 6 हजार वर्षांपूर्वी, म्हणजे पिरॅमिडांच्या कितीतरी आधी. धातू ठाऊक नसलेल्या माणसांनी गारगोटी आणि शिंगांच्या हत्यारांनी ते कोरलं. सुमारे 7 हजार माणसांचे अवशेष इथे असावेत असा अंदाज आहे. छतावर गेरूच्या तांबड्या वेलांट्या अजून दिसतात. एका दालनात जमिनीवरच्या देवळाचा दर्शनी भाग जसाच्या तसा खडकात उतरवलाय, खांब-तुळया सगळं. एका कोनाड्यात पुरुषी खर्जात बोललं की आवाज सगळीकडे घुमतो.

आत एका वेळी 10 माणसं, दिवसाला 80. माणसाच्या श्वासाने आणि घामाने खडकावरचा रंग जातो, म्हणून. 2000 सालापर्यंत बरीच वर्षं हायपोजियम दुरुस्तीसाठी बंदच होतं. मोबाइल, कॅमेरा बाहेर ठेवायचा. अख्ख्या बेटावर पैसा फेकून रांग मोडता येत नाही अशी मला दिसलेली ही एकच जागा. यॉटवाल्यानेही तिकीट बरंच आधी काढलेलं बरं.

इथे सापडलेली ‘झोपलेली बाई’ व्हॅलेटाच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. मातीची, लांबी 12 सेंटिमीटर. कुशीवर, एक हात उशाशी, कमरेखाली भरपूर ऐसपैस. वेगळ्या छोट्या खोलीत ठेवलीय. दुपारी जावं, कोणी नसतं.

*

मोस्ता गावच्या चर्चच्या घुमटावर 9 एप्रिल 1942 रोजी जर्मन बॉम्ब पडला, घुमट फोडून खाली प्रार्थनेला जमलेल्या माणसांमध्ये आला आणि फुटला नाही. तसल्याच एका बॉम्बची प्रतिकृती आत ठेवली आहे. लोक तिच्यासोबत सेल्फी घेतात.

*

आपल्याकडचा धागा. 1878 मध्ये रशिया-तुर्कस्तान प्रकरणात रशियावर वचक बसावा म्हणून ब्रिटिश पंतप्रधान डिझरायलीने हिंदुस्थानातून सुमारे 7 हजार सैनिक माल्टाला आणले. मुंबई बंदरातून जहाजं सुटली. मुंबई इलाख्याच्या पलटणीही त्यांत होत्या, म्हणजे कोकण आणि देशावरची पोरं असणारच. मे महिन्यात पोहोचले, उन्हाळ्यातच पुढे सायप्रसला गेले. पहिल्या महायुद्धात बेटावर जखमींसाठी एवढी इस्पितळं उघडली की माल्टाला ‘भूमध्य समुद्राची परिचारिका’ म्हणू लागले. तिथे वारलेल्या हिंदी सैनिकांची आठवण पिएटाच्या लष्करी स्मशानभूमीत जपलेली आहे. राणीच्या घरापासून लांब नाही. टूरच्या कार्यक्रमात ती नसते. ड्रायव्हरला सांगितलं तर थांबवतो.

*

सिंधी व्यापारी इथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आहेत, आता पक्के माल्टावासी. नवी भारतीय वस्ती निराळी. 2021 च्या जनगणनेत परदेशी नागरिकांत इटालियन आणि ब्रिटिशांनंतर भारतीयच, सुमारे 8 हजार. त्यानंतर आकडा वाढतच गेलाय. इस्पितळात नर्स, हॉटेलात वेटर, स्कूटरवर जेवण पोचवणारे. आपण हिंदीत बोललो की चेहरा खुलतो, आणि दोन मिनिटांत भाड्याचा विषय निघतो. एका खोलीत किती जण राहतात हे ऐकून आपल्या हॉटेलच्या खोलीचा दर सांगायची लाज वाटते.

*

नदी नसलेल्या देशात पोहण्याचे तलाव किती असावेत? नळाचं निम्म्याहून जास्त पाणी समुद्राचं खारं पाणी गाळून करतात, आणि त्याला वीज लागते. गोझोत जुन्या दगडी शेतघरांना मागे निळा तलाव जोडून आठवड्याच्या बोलीने भाड्याने देतात. घरं देखणी, दोन-तीन कुटुंबांनी मिळून घेतली तर परवडतात. समुद्र दहा मिनिटांवर असताना तलाव कशाला, हे मात्र मला कोणी समजावून सांगितलं नाही.

त्याच गोझोच्या उत्तर किनाऱ्यावर मिठागरं आहेत. खडकात कोरलेल्या चौकोनी वाफ्यांच्या रांगा, शेकडो. उन्हाळ्यात घरची माणसं पहाटे झाडूने मीठ ओढून ढीग लावतात. पुडी तिथेच विकत मिळते. फुकट बघायला मिळणाऱ्या गोष्टींत माझ्या लेखी ही पहिली.

*

‘अझूर विंडो’ ही समुद्रातली दगडी कमान 8 मार्च 2017 रोजी वादळात कोसळली. जुनी ब्रोशर्स अजून तिचा फोटो छापतात. गेलेली आहे, विचारू नका.

कॉमिनोचा ‘ब्लू लगून’ आहे, पण तिथे पाण्यापेक्षा छत्र्या जास्त. आता नोंदणी करून मर्यादित माणसं सोडतात. सकाळच्या पहिल्या बोटीने जावं, नाहीतर जाऊ नये.

*

व्हॅलेटाच्या न्यायालयासमोर 1565 च्या वेढ्याचं स्मारक आहे. त्याच्या पायथ्याशी फुलं, मेणबत्त्या आणि एका बाईचे फोटो दिसतात. डाफ्नी कारुआना गालिझिया, पत्रकार. सत्ताधाऱ्यांचा भ्रष्टाचार बाहेर काढत होती. 16 ऑक्टोबर 2017 रोजी गाडीत बॉम्ब लावून तिला मारलं. मोठी गुंतवणूक करणाऱ्याला माल्टाचं, पर्यायाने युरोपचं नागरिकत्व देण्याच्या योजनेवरही तिने तुटून लिहिलं होतं. ती योजना युरोपीय न्यायालयाने एप्रिल 2025 मध्ये बेकायदा ठरवली. टूरवाले या स्मारकापाशी वेढ्याची गोष्ट सांगतात आणि पुढे जातात. आपण फुलांपाशी थांबावं.

*

खाणं. पस्तित्सी हा इथला खरा मेवा: खारीसारखे पापुद्रे, आत रिकोटा चीज नाहीतर वाटाणा. वाटाण्याच्या सारणात बऱ्याचदा करी पावडर असते, त्यामुळे शाकाहारी मंडळी खूश. तूप-लोणी-चरबीची चौकशी मात्र दुकानात करावी. रस्त्यावर उभ्याने खायची चीज आहे. पंचतारांकित हॉटेलात छोट्या आकाराची करून बशीत देतात, ती खाऊ नये. सशाचा रस्सा हा राष्ट्रीय पदार्थ. मी खाल्ला, बरा लागला. किनी नावाचं कडसर संत्र्याचं पेय पहिल्या घोटाला आवडत नाही.

*

जाणाऱ्यांसाठी: शेंगेन व्हिसा लागतो, विमान बदलून जावं लागतं. जुलै-ऑगस्ट टाळा, एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर धरा. आधी हायपोजियमचं तिकीट काढा, मगच विमानाचं. पैसे उडवायचेच असतील तर दोन रात्री म्दिनात उडवा, बाकीचे दिवस गोझोत काढा. आणि चिर्केव्वाहून गोझोला जाणाऱ्या मोठ्या फेरीबोटीवर जाताना तिकीट खिडकी शोधत बसू नका; पैसे परतीच्या वेळी घेतात.