पुसू नका, आधी वाचा

गाणं चालू असताना संगणक गोठला, की ते डोळ्यांआधी कानांना कळतं. तान वर चढत असते आणि एका क्षणी तिथंच अडकते. सेकंदाचा एक तुकडा पुन्हा पुन्हा वाजत राहतो. साउंड कार्ड बंद पडलेलं नसतं. मेमरीतल्या एका छोट्या जागेतून आवाज उचलायचा आणि ती जागा संपली की पुन्हा सुरुवातीपासून उचलायचा, हे आपलं काम ते इमानेइतबारे करत असतं. त्या जागेत पुढचा आवाज भरणारा प्रोसेसर मात्र कुठेतरी थिजलेला असतो. माझ्या लिनक्सच्या डेस्कटॉपवर हा आवाज मी अनेकदा ऐकला आहे आणि दर वेळी पोटात गोळा येतो.

अशा वेळी पॉवरच्या बटणाकडे धावू नये. आधी कॅप्स लॉक दाबून बघावं. दिवा लागला-विझला, तर आत अजून कुणीतरी ऐकतंय. नाही लागला तरी सगळं संपलं असं नाही, कदाचित नुसता पडदाच गेला असेल. जुन्या गोल पिनच्या कीबोर्डावर दिवे आपणहून लुकलुकू लागले, तर मात्र कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, हात टेकले असं समजायचं. नाहीतर आल्ट आणि प्रिंट स्क्रीन धरून ठेवायचं आणि मधे श्वासभर थांबत एकेक अक्षर दाबायचं: आर, ई, आय, एस, यू, बी. आरने कीबोर्ड कर्नलच्या ताब्यात येतो. ईने सगळ्या प्रोग्रॅमना आवरतं घ्यायला सांगितलं जातं, आयने न ऐकणाऱ्यांना थांबवलं जातं. एसने मेमरीत राहिलेलं सगळं डिस्कवर उतरतं, यूने डिस्क फक्त वाचण्यापुरती उरते आणि बीने मशीन पुन्हा सुरू होतं. काही लिनक्समध्ये सुरक्षेसाठी यातली ई आणि आय बंद ठेवलेली असतात, पण एस, यू, बी एवढी तीन बहुधा चालतात. मला यातला एस सगळ्यात मोलाचा वाटतो. काय बिघडलं हे सांगणाऱ्या शेवटच्या ओळी त्याच्यामुळे हाती लागण्याची शक्यता असते.

कारण खरा प्रश्न मशीन पुन्हा सुरू होण्याचा नाहीच, ते होतंच. खरा प्रश्न ते का पडलं हा. आपल्याकडे दुकानात मशीन नेलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: 'फॉरमॅट मारून देतो.' या वाक्याचा मला मनापासून राग येतो. फॉरमॅट मारणं म्हणजे पंचनामा होण्याआधी जागा धुऊन काढणं. लिनक्समध्ये आदल्या वेळी मशीन कसं चाललं आणि कुठे थांबलं, याची नोंद सहसा डिस्कवर असते. 'जर्नलसीटीएल' या आज्ञेला 'मागचा बूट' एवढं सांगितलं की ती ओळीने उलगडते. कुठलं कार्ड कधी सापडलं, कुठल्या ड्रायव्हरने ते हाताशी घेतलं, कोण वेळेवर बोललं नाही, सगळं सेकंदाच्या बारीक बारीक भागांपर्यंत. बंद पेटीतला, ज्याचा कोड कुणालाच बघता येत नाही असा ड्रायव्हर आत असेल, तर कर्नल आपल्या कोसळण्याच्या नोंदीत तेही लिहून ठेवतो: 'टेंटेड' आणि पुढे पी हे अक्षर. इतका प्रामाणिकपणा मी फार थोड्या यंत्रांत पाहिला आहे.

पण कधीकधी डिस्कच आधी मरते आणि शेवटच्या ओळी लिहायलाच जागा उरत नाही. त्यासाठी नेटकन्सोल नावाची सोय आहे. कर्नल आपलं बोलणं डिस्कला न विचारता थेट नेटवर्कच्या तारेवर सोडतो आणि घरातलं दुसरं मशीन ते टिपून घेतं. पोच मागायची नाही, वाट बघायची नाही, नुसतं बोलत राहायचं. शेजारच्या खोलीत एक जुना लॅपटॉप मी त्यासाठीच उघडा ठेवायचो. डेस्कटॉपचा पडदा गोठलेला असताना त्याच्या शेवटच्या दहा-बारा ओळी त्या लॅपटॉपवर सुखरूप पोचलेल्या दिसल्या, तेव्हा मी खरोखर हात जोडले होते.

त्या ओळींत नाव होतं ग्राफिक्सच्या ड्रायव्हरचं. कार्डाने वेळेत उत्तर दिलं नाही, रीसेट करतोय, रीसेट जमलं नाही. दर वेळी तेच. कुणीही कार्डालाच धरलं असतं. पण लॉगमध्ये ज्याचं नाव येतं तो नेहमी गुन्हेगार असतोच असं नाही. तो फक्त त्या जागी हजर असलेलाही असू शकतो. मित्राचं कार्ड आणून लावलं, मशीन तसंच गोठलं. कर्नल बदलला, तरी तसंच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि मग थांबायचं, हा नियम पाळणं फार कठीण असतं. मधूनच होणाऱ्या बिघाडात दोन दिवस काही झालं नाही याचा अर्थ बरं झालं असा होत नाही. शेवटी ओळखीच्या कारागिराने मल्टिमीटर लावला. कार्डावर भार पडला की बारा व्होल्टची लाइन खाली येत होती. एटीएक्सच्या मानकात तिला पाच टक्क्यांची मुभा आहे, म्हणजे ११.४ व्होल्टच्या खाली ती जाता कामा नये. ती जात होती. त्याने एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, उघडून दाखवला (घरी कुणी तो उघडू नये, बंद केल्यावरही आत झटका देण्याइतकी वीज साठलेली असते). आतल्या दोन कपॅसिटरांची डोकी फुगली होती, त्यावरची फुलीची खाच ताणली गेली होती आणि एकातून तपकिरी चिकट थर बाहेर आला होता. तापमान दहा अंशांनी वाढलं की अशा कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. कोकणातला उन्हाळा, कॅबिनेटच्या मागे भिंत आणि पंख्यावर धूळ. ड्रायव्हर बिचारा निर्दोष होता.

एकाच्या दोषाने दुसरा अडकण्याची ही भांडणं पूर्वी याहून उघड होती. नव्वदच्या दशकात पीसीमध्ये प्रोसेसरला हाक मारायच्या सोळा वाटा असत. त्या सांभाळणाऱ्या दोन चिप एकमेकींना जोडण्यात एक वाट खर्ची पडे, उरायच्या पंधरा. कीबोर्ड, घड्याळ, डिस्क यांच्या ठरलेल्या. प्रिंटरचं पोर्ट सातवर, आणि साउंड कार्डही सातवर लावलेलं असलं की दोघांत जुंपायची. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या कार्डावरचा एवढासा जंपर चिमट्याने उचलून पाचवर बसवायचा, हाच तेव्हाचा उपाय. पुढे पीसीआय आलं आणि एकाच वाटेवर अनेकांनी राहायची पद्धत पडली. चाळीत चार बिऱ्हाडांना मिळून एक घंटा असावी, तसं. घंटा वाजली की प्रत्येकाने डोकावून बघायचं, आपल्याकडे कुणी आलंय का. एखादं बिघडलेलं कार्ड घंटा सारखी वाजवत राहतं आणि कुणीच 'माझ्याकडे' म्हणत नाही. कर्नल हे मोजतो. एक लाख हाकांपैकी ९९,९०० हाकांना कुणीच ओ दिली नाही, तर तो लॉगमध्ये 'नोबडी केअर्ड' असं लिहितो आणि ती वाटच बंद करतो. मग त्याच वाटेवरचं यूएसबी किंवा नेटवर्क कार्ड, ज्याची काही चूक नाही, तेही मुकं होतं. 'माउस अचानक रांगायला लागला' अशी तक्रार येते तिच्यामागे कधीकधी हे असतं. नवी कार्डं हाक मारताना निरोप थेट एका ठरलेल्या पत्त्यावर लिहितात, त्यामुळे हे आता पुष्कळ कमी झालं आहे. तरी तो संदेश मी अजून पाहतो.

पावसाळ्यात तक्रार वेगळी. आज ब्राउझर कोसळतो, उद्या फाइलींची खिडकी, परवा आणखी काही. प्रत्येक वेळी नवा बळी. असं झालं की रॅमकडे बघायचं. पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने घासायचे, हा आपल्याकडचा सर्रास उपाय. तो चालतोही, पण सोन्याचा मुलामा झिजतो, आयसोप्रोपिल अल्कोहोल बरं. मग रात्रभर मेमटेस्ट. रॅम सहसा चुकत नाही या समजुतीला गूगलच्या सर्व्हरांवर झालेल्या आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने धक्का दिला: वर्षभरात आठ टक्क्यांहून जास्त पट्ट्यांमध्ये चुका आढळल्या होत्या. आणि पट्टीत एवढीशीच जागा खराब असेल, तर लिनक्सला तिचा पत्ता सांगून तेवढ्या भागाला कुंपण घालता येतं. बाकीची पट्टी पुढे कामाला येते. नवी रॅम घेणं ज्याला परवडत नाही, त्याच्यासाठी ही केवढी मोठी गोष्ट आहे!

सध्या माझं लक्ष शेजारच्या डिप्लोमाच्या मुलाकडे आहे. अपडेट केल्यापासून त्याचं वायफाय कार्ड मशीनला सोबत घेऊन पडतं. 'काका, फॉरमॅट मारू का?' असं विचारत आला होता. त्याला बसवून मागच्या बूटचा लॉग वाचायला लावला. जुन्या कर्नलवर कार्ड नीट चालतं, नव्यावर पडतं, एवढं पक्कं झालं. कर्नलच्या दोन आवृत्त्यांमध्ये दहा हजारांहून जास्त बदल असतात. पण लिनक्सचा कर्ता टोरवाल्ड्स याने २००५ साली लिहायला घेतलेल्या, बदलांचा हिशेब ठेवणाऱ्या गिटमध्ये बायसेक्ट आहे. मधला बदल घ्यायचा, कर्नल बांधायचा, पडतो का बघायचं आणि अर्धा ढीग बाजूला सारायचा. सोळा हजार बदलांतून नेमका एक शोधायला चौदा पायऱ्या पुरतात. तो सापडला की ज्याने तो लिहिला त्याला कळवायचं. दुरुस्ती झाली की तिच्याखाली कळवणाऱ्याचं नाव 'रिपोर्टेड-बाय' म्हणून येतं आणि कर्नलच्या इतिहासात कायमचं राहतं. अशी हजारो नावं तिथे आहेत. त्यातल्या कितीतरी जणांनी कर्नलची एक ओळही लिहिलेली नाही. त्यांनी फक्त फॉरमॅट मारला नाही.

त्याच्या जुन्या मशीनवर एक कर्नल बांधायला तास-तास लागतात. आज सकाळी चहाला आला तेव्हा म्हणाला, 'काका, आता थोड्याच पायऱ्या राहिल्यात. रात्रभर चालू ठेवतो, पण लाइटचा भरवसा नाही.' म्हटलं, माझा यूपीएस घेऊन जा.