शेवटचे दहा अंश

गुडघ्याचं ऑपरेशन करून आलेला माणूस मला पहिल्यांदा विचारतो ते वाकण्याचं. शिरूरचा कांदेवाला शेतकरी असो की दौंडचा निवृत्त ट्रॅकमन, प्रश्न एकच, "मॅडम, मांडी घालता येईल ना?" पाय पूर्ण सरळ होईल का, असं मात्र आपणहून कुणी विचारत नाही. फिजिओथेरपीतलं माझं सगळं आयुष्य या न विचारलेल्या प्रश्नापायी गेलं.

वाकण्याची मला फारशी काळजी नसते. नव्वद अंशांपर्यंत बहुतेकांचं येतं आणि पुढचंही हळूहळू येतं. हट्ट धरून बसतात ते सरळ होण्यातले शेवटचे दहा अंश.

मांडीच्या हाडाचं आतल्या अंगाचं टोक बाहेरच्यापेक्षा लांब असतं. त्यामुळे पाय सरळ होत आला की नडगी जराशी बाहेर वळते आणि सांध्याला कुलूप बसतं. मग शरीराचा भार गुडघ्याच्या किंचित पुढून उतरतो आणि मांडीच्या पुढच्या स्नायूला विश्रांती मिळते. वारीत वरवंडच्या मुक्कामी दर्शनाच्या रांगेत तासन्‌तास उभी राहणारी आजी याच कुलपाच्या जोरावर उभी असते. रांजणगावच्या एमआयडीसीत आठ तासांची शिफ्ट उभ्याने काढणारी पोरगीही तशीच. हे कुलूप बसलं नाही तर उभं राहणं हेच दिवसभराचं काम होऊन बसतं. वर चालताना लंगडायला होतं आणि कंबर दुखायला लागते. घरचे म्हणतात, ऑपरेशन फसलं. ऑपरेशन उत्तम झालेलं असतं, राहिलेले असतात दहा अंश.

ते मिळवणं अवघड का, हे मी रोज कुणाला तरी सांगत असते. पाय सरळ करताना शेवटच्या पंधरा अंशांसाठी मांडीच्या स्नायूला जवळजवळ ६० टक्के जास्त जोर लावावा लागतो. आणि नेमका तोच स्नायू सुजेपुढे हार मानतो. सांध्यात २०-३० मिलिलिटर पाणी साचलं तरी गुडघ्याच्या वाटीच्या आतल्या बाजूचा त्याचा भाग काम करेनासा होतो. सुजलेल्या गुडघ्याच्या आतला दाब सगळ्यात कमी असतो तो पाय तीसेक अंशांत वाकवून ठेवल्यावर, म्हणून रुग्णाला तसंच बरं वाटतं. सून मायेने गुडघ्याखाली उशी सरकवते, सासूबाई सुखावतात. सहा आठवड्यांत गुडघ्यामागच्या लवणीतलं सगळं आखडून जातं. त्या उशीशी माझं आयुष्यभराचं वैर आहे. ती काढायला सांगताना सुनेचं तोंड उतरतं, ते बघवत नाही. पण मी ती काढायलाच लावते.

मी टाचेखाली गुंडाळलेला टॉवेल देते आणि गुडघा अधांतरी ठेवते. मग लवणीखाली हात घालून गादी आणि पाय यांच्यामधून किती बोटं जातात ते बघते. त्यानंतर दोन्ही अंगठे वाटीच्या खालच्या कडेला लावून तिला वर सरकवायचं. वाटी वर गेली नाही तर पाय सरळ होत नाही, हे कितीतरी जण विसरतात. सगळे तिला खालीच ढकलतात, कारण वाकवायची घाई. चिकटलेली वाटी आधी हलतच नाही. दाब तसाच धरून बसलं की काही वेळाने अंगठ्याखाली केसभर सुटल्यासारखी जाणवते. त्या केसभर सुटण्याचा मला अभिमान होता. अजून आहे. "दौंडला दुसरे आहेत हो, पण हात तुमचाच" असं कुणी म्हटलं की तो दिवस चांगला जायचा. कोन मोजायचा गोनिओमीटर लावण्याआधी मी आकडा सांगायचे आणि तो जुळला की शेजारच्या खाटेवरच्यांनी ऐकलं ना, हे डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघायचे.

गेल्या वर्षापासून उजव्या अंगठ्याच्या मुळाशी कळ येते. तिथला सांधा झिजलाय. आमच्या धंद्यातल्या पुष्कळांचा झिजतो. आता वाटीवर दाब धरून बसवत नाही.

माझ्याकडे एक मुलगी शिकायला आहे. हंगामात ऊसतोडणीला आलेली बीडकडची एक बाई तिच्याकडे आली होती. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढताना गुडघा पिरगळला होता, सांध्यातली कुर्चेची गादी फाटल्याची सगळी लक्षणं होती. पाय सुजलेला आणि वाकलेलाच. उचल घेतलेला कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकीने बसून राहिलं तर दोघांची मजुरी बुडते. ती पुन्हा येणार नाही हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. मुलीने सूज उतरवायचे उपाय सांगितले, तपासणीसाठी सरकारी दवाखान्यात जायला चिठ्ठी दिली आणि विचारलं, "मावशी, कोपीवर बाजरी आहे ना?" दीड किलो बाजरी पिशवीत भरायची, रात्री टाच उंचावर ठेवून ती मांडीवर, वाटीच्या वरच्या बाजूला ठेवायची. सोसेल तेवढंच, दहा मिनिटं. घाई नाही, जोर नाही. हलका भार आणि पुष्कळ वेळ, यानेच आखडलेलं सुटतं. पुस्तकात हे मीही वाचलेलं होतं. पण पिशवीने होतं म्हटल्यावर माझ्या अंगठ्याचं काय? मला आकसच वाटला, त्या पोरीचा आणि बाजरीचाही.

आता माझे सगळे रुग्ण पिशवी लावतात.

शेजारपाजारच्या सेंटरांचं मला पटत नाही. पॅड चिकटवायचे, मशीन गुणगुणत ठेवायचं आणि आपण मोबाइल बघत बसायचं. पाय आपोआप वाकवणाऱ्या मशीनचंही फार कौतुक झालं. वाकवतं ते, पण स्नायूला जागं करत नाही. तेल चोळणारे वैद्य निदान पायाला हात तरी लावतात. "वंगण संपलंय" म्हणून महागडी इंजेक्शनं विकणाऱ्यांबद्दल न बोललेलं बरं.

ऑपरेशनं मात्र वाढली, आणि ते चांगलंच झालं. पंतप्रधान वाजपेयींचा एक गुडघा २००० मध्ये आणि दुसरा २००१ मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडीत बदलला, तेव्हापासून "त्यांचं केलं, मग आपलं का नाही" हे वाक्य मी न्हावऱ्यापर्यंत ऐकलं. पुण्यात डॉ. संचेतींनी 'इंडस' हा देशी कृत्रिम सांधा घडवला. २०१७ च्या ऑगस्टमध्ये सरकारने सांध्यांच्या किमती बांधून दिल्या, तेव्हा नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमच्या सांध्याची किंमत ५४,७२० रुपये अधिक कर अशी ठरली. धातूचा भाव ठरला. नंतरच्या तीन महिन्यांच्या मेहनतीचा हिशोब कुणी मांडत नाही. डिस्चार्ज कार्डावर 'शून्य ते एकशेदहा' लिहून येतं आणि लवणीखालून माझी तीन बोटं सहज जातात. ते शून्य कुणी मोजलेलं नसतं.

म्हणून माझ्या कार्डावर आता वाकण्याचा आकडा मी खाली आणि बारीक लिहिते. वर मोठ्या अक्षरात सरळ होण्याचा. लिहिते ती मुलगीच, कारण पेन धरलं की माझा अंगठा दुखतो. काल तिने एका कार्डावर आठ लिहिलं. मी लवणीखाली हात घालून बघितलं आणि म्हणाले, "सहा." तिने गोनिओमीटर लावला. सात आला. आम्ही दोघी पुन्हा मोजायला बसलो.