घडी घातलेलं पान

मराठीच्या शिक्षकानं आयुष्यात किती आत्मकथा तपासाव्यात? मी हजारांनी तपासल्या. फाटक्या पुस्तकाच्या, पडक्या किल्ल्याच्या, आटलेल्या नदीच्या, रस्त्यातल्या दगडाच्या. दगडाला बोलतं कसं करायचं ते आम्ही मुलांना नीट शिकवलं. 'बाळा, तुझं काय झालं ते सांग,' एवढं विचारायचं मात्र राहून गेलं.

फलटणात आणि तालुक्यातल्या शाळांत मिळून माझी सगळी नोकरी झाली. एकदा नववीच्या वर्गाला 'माझी आई' हा निबंध घातला. ४२ वह्या आल्या. वह्या ४२, पण आई एकच! ती पहाटे उठायची, सडा-रांगोळी करायची, तुळशीला पाणी घालायची आणि मग सर्वांसाठी राबायची. तपासता तपासता एका वहीपाशी थांबलो. वही एका मणेराच्या मुलीची होती. तिची आई आठवडी बाजारात आणि गावोगावच्या जत्रांत बांगड्या भरायची. आमच्या घरच्या बायकाही तिच्याकडूनच भरून घ्यायच्या. वहीत मात्र तीही तुळशीला पाणी घालत होती.

मला राग यायला हवा होता. आली ती लाज. कारण सहावीत असताना मी स्वतः 'आमची दिवाळी' लिहिली होती. उटणं, अभ्यंगस्नान, अंगणातला किल्ला, सगळं आमच्या घरात घडवलं होतं. खरं तर दिवाळीला शेजारच्या काकूंकडून फराळाचं ताट यायचं आणि ईदला आमच्याकडून त्यांच्याकडे शीरखुर्मा जायचा. ते ताट घेऊन येणारी काकू, रिकामं ताट परत करायचं नसतं म्हणून त्यात साखर घालणारी माझी अम्मी, हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलेलं. पण ते निबंधात लिहायचं असतं असं मला वाटलंच नाही. गुरुजींनी शाबासकी दिली. कुणी जबरदस्ती केली नव्हती. आपलं घर कागदावर नेण्याजोगं नाही, हे मीच ठरवून टाकलं होतं.

मुलीला बोलावलं. "तुझी अम्मी तुळशीला पाणी घालते?"

तिनं मान खाली घातली. "गाईडात असंच आहे, सर."

"मग तुझ्या अम्मीचं काय ते लिही की."

तिनं जरा वेळानं विचारलं, "खरं लिहिलं तर मार्क मिळतील?"

"माझ्याकडे मिळतील. बोर्डाचं सांगता येत नाही," मी म्हणालो. त्या दिवशी मी दिलेलं हे एकच प्रामाणिक उत्तर.

शनिवारचा एक तास मी या लिखाणासाठी काढला. नियम साधे ठेवले. विषय मोठा नको. एक दिवस, एक प्रसंग पुरे. 'आई म्हणजे मायेचा सागर' असली वाक्यं बंद. त्याऐवजी मी विचारायचो: तेव्हा घरात कोण कोण होतं? कुणाच्या हातात काय होतं? कोण काय म्हणालं? आणि जे म्हणालं ते त्याच्याच बोलीत लिहायचं. धनगराच्या पोरानं आज्याचं बोलणं आज्यासारखंच लिहायचं आणि आमच्या मोहल्ल्यातल्या पोरांनी घरातली दखनी दखनीतच लिहायची. पहिल्यांदा सगळे हसले. शुद्ध मराठी लिहायला शाळेत यायचं आणि हे सर भलतंच सांगतात!

खरं तर फलटणला ही गोष्ट नवी वाटायला नको होती. मॅक्सीन बर्नसन या अमेरिकेतून आलेल्या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी फलटणच्या माणसांच्या बोलण्याचाच अभ्यास करून पीएच.डी. मिळवली. त्या इथेच राहिल्या, १९७८ साली त्यांनी प्रगत शिक्षण संस्था काढली आणि १९८६ साली कमला निंबकर बालभवन ही शाळा सुरू केली. लक्ष्मण माने यांचं 'उपरा' १९८० साली आलं, तेही याच तालुक्याच्या मातीतलं. कैकाडी समाजातल्या पोराची गाढवं, फोक, टोपल्या आणि शाळा पुस्तकात आली आणि त्या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मी 'उपरा' वर्गात नेलं, तेव्हा मागच्या बाकावरचं एक पोरगं म्हणालं, "सर, म्हणजे आपलं पण पुस्तक होतंय की!"

आणखी एक गोष्ट मी त्यांना सांगितली. १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये एका मुलीचा निबंध छापून आला. मुक्ताबाई तिचं नाव, वय १४ वर्षं, जात मांग, शाळा जोतीराव-सावित्रीबाईंची. आपल्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परही नसतं, हे तिनं लिहून ठेवलं. पुढच्याच वर्षी, १८५६ साली, सावित्रीबाईंनी आपल्याच जिल्ह्यातल्या नायगावहून जोतीरावांना पत्र पाठवलं. त्या पत्रात फातिमाचं नाव येतं, तिच्यावर कामाचा भार पडत असेल अशी काळजी येते. बस्स, एवढंच. फातिमाबींच्या स्वतःच्या हातचं एक पानही आपल्यापर्यंत पोचलेलं नाही. त्यांना काय वाटलं, त्या घरातून कशा निघाल्या, मोहल्ल्यात कोण काय म्हणालं, हे आता कुणीच सांगू शकत नाही. आज फातिमाबींवरून वाद झडतात. त्यांनी चार ओळी लिहून ठेवल्या असत्या आणि त्या टिकल्या असत्या, तर त्यांची बाजू त्यांनीच मांडली असती.

हे ऐकून त्या मुलीनं लिहिलं. दोन पानं. लोडशेडिंगची रात्र. दुसऱ्या दिवशीच्या जत्रेसाठी मायलेकी कंदिलाच्या उजेडात बांगड्या मोजताहेत. तेवढ्यात मुंबईहून आलेला एक नातेवाईक सांगतो, की अब्बांनी तिकडे दुसरं लग्न केलंय. अम्मी काही बोलत नाही. तिच्या हातातली एक बांगडी फुटते. ती तुकडे वेचते आणि पोरीला म्हणते, "रोनेकू टैम नै. गिन."

माझा लाल पेन 'गिन'वर गेला आणि तिथेच थांबला. तीस वर्षांच्या नोकरीत इतकं खरं वाक्य मी वहीत वाचलं नव्हतं.

आणि मग माझ्या हातून चूक झाली. तिला न विचारता मी तो मजकूर वर्गात वाचून दाखवला. नाव घेतलं नाही, एवढंच शहाणपण केलं. पण बांगडीवालीची मुलगी वर्गात एकच होती. वर्ग एकदम शांत झाला. ती शांतता म्हणजे दाद असं मला वाटलं. मधल्या सुट्टीत माझ्या कानावर पडलं, "त्यांच्यात असंच असतंय."

घर सोडून गेलेले बाप त्या वर्गात आणखीही दोघा-तिघांचे होते. त्यांच्यापैकी कुणी लिहिलं असतं, तर ती त्याच्या बापाची गोष्ट राहिली असती. हिची गोष्ट मात्र क्षणात सगळ्या समाजाची झाली. एका बाईनं गिळलेलं दुःख कुणाच्या तरी पूर्वग्रहाला पुरावा म्हणून लागलं. 'घरातली बात घरातच राहू दे' असं आपल्या घरोघरी सांगतात, त्याला आपण मागासपणा म्हणतो. त्या दिवशी कळलं, की त्यात थोडं शहाणपणही असतं.

पुढच्या शनिवारी तिनं वही दिली. 'माझी आई पहाटे उठते. सडा-रांगोळी करते. तुळशीला पाणी घालते.' अक्षर पूर्वीपेक्षा सुबक होतं. गाईडातली ती आई म्हणजे उसनवारी, असं मी समजत होतो. आता ती ओढणी होती. आणि ती घ्यायची वेळ तिच्यावर मी आणली होती.

चार दिवसांनी तिची आई शाळेत आली. आता ही बोलेल ते ऐकून घ्यायचं, असं मी मनाशी ठरवलं. ती भांडली नाही. उभ्या उभ्याच म्हणाली, "बच्ची सच लिखी, सर. पन तुमना लिखी थी, सबकू नै."

मी माफी मागितली. मुलीचीही मागितली, वर्गासमोर नाही, तिच्या घरी जाऊन.

त्यानंतर शनिवारच्या तासाला मी आणखी एक नियम घातला आणि तो नोकरी संपेपर्यंत पाळला. ज्याला आपलं लिखाण कुणी वाचू नये असं वाटतं, त्यानं पानाची घडी घालून द्यायची. घडीचं पान सर उघडणार नाहीत. फक्त लिहिलं म्हणून खूण करतील आणि परत देतील. उघडं पान सर वाचतील. वर्गात मात्र ते ज्याचं त्यानंच वाचायचं, त्याला वाटलं तर. सुरुवातीला निम्म्याहून जास्त पानं घडीचीच येत. कोरं पान घडी घालून देणारे बहाद्दरही निघाले असतील. हरकत नाही. हळूहळू घड्या कमी झाल्या. एका मुलानं आपणहून उभं राहून आजोबांच्या मरणाचं वाचलं. पिंजाऱ्याच्या मुलानं वडिलांच्या छातीत कापसाची धूळ कशी बसली ते वाचलं.

आपल्यात मलिका अमर शेख यांनी १९८४ साली 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' लिहिलं, मेहरुन्निसा दलवाईंचं 'मी भरून पावले आहे' १९९५ साली आलं. अशी पुस्तकं बोटांवर मोजण्याइतकी का, असं आपण संमेलनांतून विचारतो. मला वाटतं, हा प्रश्न नववीच्या वर्गात विचारायला हवा. आपल्या मुलांकडे सांगण्यासारखं पुष्कळ आहे. ते ऐकणारा कोण आणि ऐकून तो त्याचं काय करील, याची खात्री त्यांना नाही. लिहायला शिकवणं म्हणजे आधी ही खात्री देणं.

ती मुलगी वर्षभर घडीचीच पानं देत राहिली. भरगच्च असायची, शाई पाठीमागे उमटलेली दिसायची. बोर्डात तिनं काय लिहिलं ते मला माहीत नाही. चांगल्या मार्कांनी पास झाली, तेव्हा बहुधा गाईडातलंच लिहिलं असेल. निकालानंतर पेढे द्यायला आली. मी विचारलं, "अजून लिहितेस का गं?"

"लिहिते की सर," ती म्हणाली. "आता घडी घालत नाही. वहीच मोठी आणलीय."

त्या वहीतलं एक अक्षरही मी वाचलेलं नाही. पण ते लिहिलेलं आहे.