सिंगापूरचा नृदुर्ग

सिंगापूर शहराच्या मध्यभागीं फोर्ट कॅनिंग नांवाची टेकडी आहे. तिच्या पोटांतील भुयारी लष्करी ठाणें गतवर्षीं आम्हीं पाहिलें. १५ फेब्रुवारी १९४२ रोजीं तेथल्याच कोंदट खोल्यांत जनरल पर्सिव्हल यांनीं जपान्यांस शरण जाण्याचा निर्णय घेतला. सुमारे ८०,००० सैन्य कैदेंत पडलें. त्यांत हिंदी शिपाईही पुष्कळ होते.

मनुस्मृतींत दुर्गांचे सहा प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकीं जलदुर्ग या बेटास निसर्गानेंच दिला होता. इंग्रजांनीं मोठ्या खर्चानें आरमारी तळही उभारला होता. परंतु शत्रु मलायाच्या भूमीवरून उत्तरेकडून आला आणि चिंचोळी सामुद्रधुनी ओलांडून बेटावर उतरला. परक्याच्या भरंवशावरचा दुर्ग दुर्ग नव्हे, हा धडा तेथील लोक विसरले नाहींत.

१९६५ सालीं हें बेट स्वतंत्र झालें तेव्हां त्याचें क्षेत्रफळ ६०० चौरस किलोमीटरांहूनही कमी होतें. पिण्याचें पाणी बव्हंशीं शेजारच्या जोहोरांतून येई आणि पदरीं पायदळाच्या अवघ्या दोन पलटणी होत्या. माघार घेण्यास मागें जागाच नाहीं. तेव्हां शत्रूस हल्ल्याचें धाडसच होऊं नये, हें या राष्ट्राच्या युद्धनीतीचें मूळ होय. १९६७ सालीं तरुणांस सक्तीची लष्करी सेवा लागू झाली. १९८४ पासून लष्करी, नागरी, आर्थिक, सामाजिक व मानसिक अशा पांच अंगांचें ‘सर्वांगीण संरक्षण’ राष्ट्रानें स्वीकारलें. २०१९ सालीं संगणकीय हें सहावें अंग जोडलें. नव्या घरांतून जाड भिंतींची व पोलादी दाराची एक खोली असते. एरवीं तींत डबेबरण्या ठेवतात! तोफखान्याच्या सरावास बेटावर मैदान पुरत नाहीं, म्हणून तेथील गोलंदाज आपल्या नाशिकजवळच्या देवळालीसही येतात.

तेथें कायम वास्तव्याचा परवाना मिळालेल्यांच्या मुलांनाही ही सेवा सहसा चुकत नाहीं. आम्ही ज्या मराठी कुटुंबांत उतरलों होतों, त्यांचा अठरा वर्षांचा मुलगा नुकताच दोन वर्षांसाठीं गेला होता. त्याची आई म्हणाली, “काका, त्याचें डोकें भादरलेलें पाहून मला रडूं आवरेना. पण शेजारच्या चिनी बाईचा आणि खालच्या मजल्यावरच्या मलायी बाईचाही मुलगा त्याच बोटीनें तेकोंग बेटावर गेला. मग माझाच कां नको?”

मनूनें ज्यास नृदुर्ग, म्हणजे माणसांचा कोट, म्हटलें तो आम्हांस त्या माउलीच्या स्वयंपाकघरांत दिसला. त्याचा खर्च सरकारी खजिन्यांत मोजला जातो तेवढाच नव्हे. त्यांतला बराचसा भार घरोघरच्या आया मुकाट्यानें उचलीत असतात.