हयातीचा दाखला

कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाच्या हातून माणसे मरतात फार. माझ्याच पाच कादंबऱ्यांत मिळून नऊदहा जण तरी गेले असतील. कुणी क्षयाने गेले, कुणी पंचगंगेच्या पुरात. आणि एक बिचारी मावशी तर केवळ प्रकरण लांबत चालले म्हणून गेली! त्याचा जाब मला आजवर कुणी विचारला नाही. पण एक जिवंत माणूस जिवंत आहे, एवढेच लिहून देण्याची वेळ आली तेव्हा मात्र माझा हात थबकला.

त्याचे असे झाले. आमच्या मंगळवार पेठेतल्या गल्लीत, आमच्यापासून चार दारे सोडून, अण्णा राहतात. एकेकाळी माझ्या वडिलांबरोबर ते तालमीत जात. पुढे विलायतेला गेले, तिकडेच नोकरी केली, आणि निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी परत आपल्या घराच्या सोप्यात येऊन बसले. एका दिवाळीत, फराळाची ताटे इकडून तिकडे फिरत असताना, ते एक लांबट पाकीट घेऊन आमच्या दारात उभे राहिले.

"मास्तर, मी जित्ता हाय का तेवढं बघा."

मला वाटले, नाडी पाहायला सांगताहेत. मी म्हणालो, "अण्णा, डॉक्टरांना बोलावू का?"

"डॉक्टर कशाला? ह्यात मास्तर बी चालतो म्हनून लिवलंय."

पाकिटात विलायतेच्या पेन्शन खात्याचा कागद होता. हा गृहस्थ अमुक तारखेला माझ्यासमोर हयात होता, असे कुणी तरी साक्षीदाराने लिहून द्यावे; नाहीतर पेन्शन थांबेल. साक्षीदार कोण चालतो त्याची भली मोठी यादी असते. तीत डॉक्टर, वकील, बँकेचा अधिकारी अशा बड्या मंडळींच्या पंगतीला शिक्षकालाही पाट मांडलेला आहे. घरचा माणूस साक्षीला नको, म्हणून अण्णांनी सख्ख्या पुतण्याला वगळले आणि माझ्याकडे आले. मॅट्रिकच्या शिदोरीवर मास्तरकी करणाऱ्या माझ्या सहीला सातासमुद्रापार एवढी किंमत असेल, हे मला त्या दिवशी कळले.

तसा हयातीचा दाखला आमच्या घराला नवा नाही. दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच नोव्हेंबर उजाडतो, आणि आपल्याकडचे सारे पेन्शनर आपण जिवंत असल्याचे सांगायला निघतात. माझ्या आईला वडिलांमागे कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. पूर्वी तिला घेऊन मी बँकेत जात असे. २०१४ च्या नोव्हेंबरपासून 'जीवन प्रमाण' नावाची सोय झाली आणि यंत्रावर अंगठा ठेवला की काम होऊ लागले. पण जन्मभर भाकऱ्या थापून आणि भांडी घासून आईच्या अंगठ्यावरच्या रेषाच झिजलेल्या! यंत्र काही तिला ओळखेना. "चार पोरं वाढवली त्या हातानं, आनि ह्यो म्हनतो हातच न्हाई," असे म्हणून ती रुसून बसली. आता मोबाईलवर नुसता चेहरा दाखवून भागते, म्हणून बरे.

आईला निदान एकाच सरकारला पटवायचे असते. अण्णांना दोन सरकारांना पटवावे लागते. आणि दोघांचे प्रश्न निराळे. एक विचारते, "तुम्ही आहात का?" दुसरे विचारते, "तुम्ही कोण आहात?" पहिल्याचे उत्तर एका सहीत आटोपते. दुसऱ्यासाठी अण्णांनी बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा भरून कागद जमवले आहेत.

त्या डब्यापुढे बसून मी त्यांची जी कहाणी ऐकली, ती माझ्या एकाही कादंबरीत बसणार नाही. अण्णांचा जन्म १९४४ चा. म्हणजे जन्मले तेव्हा ते करवीर संस्थानची प्रजा. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि पाठोपाठ प्रजासत्ताक आले. अण्णा भारताचे नागरिक झाले. उद्यमनगरात लेथवर हात बसला. इंग्लंडने १९६२ च्या कायद्याने राष्ट्रकुलातल्या माणसांना कामाची व्हाउचरे द्यायला सुरुवात केली होती. कसबी कारागिराला तिकडे मागणी होती. १९६६ साली एका व्हाउचरवर अण्णा कॉव्हेंट्रीला गेले, मोटारीचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात लागले, आणि १९७२ साली तिकडचे नागरिक झाले. दुसऱ्या देशाचे नागरिकत्व आपखुशीने घेतले की आपले आपोआप सुटते. १९५५ चा कायदाच तसा आहे. त्या दिवशी कॉव्हेंट्रीत कुणी वाजंत्री वाजवली नाही की इकडे कुणी रडले नाही. अण्णा नेहमीप्रमाणे दुसऱ्या पाळीला कामावर गेले.

चाळीस वर्षे ही गोष्ट त्यांना कधी टोचली नाही. ती टोचली परत आल्यावर.

तसे पाहिले तर सरकारने अशा लोकांची सोय केली आहे. २००५ साली कायद्यात दुरुस्ती करून 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' असे एक कार्ड सुरू झाले. त्यासाठी अण्णांना आपला जुना भारतीय पासपोर्ट दाखवावा लागला. तो कुठे होता? काकूंनी आपल्या लग्नातल्या इरकलीच्या घडीत जपून ठेवलेला! नवऱ्याने ज्याला रद्दी मानले, त्याला बायकोने वस्त्रात गुंडाळून ठेवले होते. त्या कार्डावर अण्णा जन्मभर इथे राहू शकतात, पोलिसांकडे नोंदणी करावी लागत नाही, फ्लॅट घेता येतो. नावात 'सिटिझन' आहे, पण ते नागरिकत्व मात्र नव्हे. मत देता येत नाही. शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने आली तर ठेवता येते. गावाकडे वडिलार्जित उसाच्या रानात अण्णांचा वाटा आहे. सातबारावर नावही लागले. पण बांधाला लागून चार गुंठे विकायला निघाले तेव्हा ते घेता आले नाहीत. "बापाचं रान माजं, आनि बांधापल्याडचं परमुलूख," असे म्हणून ते हसले. ते हसणे मला फारसे आवडले नाही.

मग बँकेचा अध्याय. परदेशात असताना अण्णांचे इथे अनिवासी खाते होते. माणूस कायमचा परतला की त्या खात्याची पाटी बदलून ते निवासी करावे लागते. बाहेरचे चलन तसेच ठेवायचे असेल तर त्यासाठी निराळे खाते असते. हे अण्णांना कुणी सांगितले नव्हते. वर्षभराने एका बँकेत ते सहज गेले असता काउंटरवरच्या मुलीने विचारले, "काका, तुम्ही निवासी की अनिवासी?"

अण्णा म्हणाले, "बाळ, मी मंगळवार पेठेतला."

ती पोर हसली नाही. तिच्या पडद्यावर मंगळवार पेठ असा रकानाच नव्हता. शिवाय नावाचा घोळ. सातबारावर नाव, वडिलांचे नाव, आडनाव. पासपोर्टवर वडिलांचे नाव गळालेले. बँकेत आडनाव आधी. आणि शाळेच्या दाखल्यावर वडिलांच्या नावापुढे 'राव'. एकाच माणसाची चार माणसे झाली होती. ही चौघे एकच, असे प्रतिज्ञापत्र करून घ्यायला आम्ही कोर्टाच्या आवारात अर्धा दिवस घालवला. तेव्हापासून वर्गात दाखले लिहिताना माझा हात सावकाश चालतो. एखाद्या पोराच्या नावातली वेलांटी मी आज चुकवली, तर साठ वर्षांनी कुठल्या देशातल्या कुठल्या खिडकीपुढे त्याला ती निस्तरावी लागेल, कुणी सांगावे!

कराचे प्रकरण त्यामानाने सरळ निघाले. बरीच वर्षे बाहेर राहून परतलेल्याला पहिली दोनतीन वर्षे बाहेरच्या उत्पन्नावर सवलत असते. मग तो इतरांसारखाच करदाता, आणि परदेशातली खातीही विवरणपत्रात दाखवावी लागतात. एकाच मिळकतीवर दोन्हीकडे कर पडू नये म्हणून भारत आणि ब्रिटन यांच्यात १९९३ चा करार आहे. गंमत फक्त वर्षाची. आपले हिशेबाचे वर्ष १ एप्रिलला सुरू होते, इंग्रजांचे ६ एप्रिलला! १७५२ साली पंचांग दुरुस्त करताना त्यांनी अकरा दिवस गाळले, पण कराचे वर्ष मात्र पुढे सरकवून पूर्ण भरून घेतले. त्याचे हे शेपूट अजून वळवळते आहे. अण्णा दर पाडव्याला एक कोरी वही आणतात, तिला हळदकुंकू वाहतात, आणि एका पानावर पौंड व दुसऱ्यावर रुपये मांडतात.

त्यातला पौंडांचा आकडा मात्र वर्षानुवर्षे तोच. इंग्लंडात राहणाऱ्याचे सरकारी पेन्शन दर वर्षी वाढते. अमेरिकेत जाऊन राहिला तरी वाढते. पण कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा भारत इथे जाऊन राहणाऱ्याचे, देश सोडताना जेवढे असेल तेवढ्यावरच गोठते. गमतीची गोष्ट अशी, की अण्णा मुलाकडे जाऊन राहिले तर तेवढ्या दिवसांपुरते ते वाढून मिळते. कोल्हापुरात परतले की पुन्हा जुना आकडा. "घरी यायचा दंड हाय ह्यो," अण्णा म्हणतात, "भरतो."

असा हा माणूस दंड भरून, कागद भरून इथे राहतो. सकाळी रंकाळ्यावर फेरी, मग कट्ट्यावर चहा, संध्याकाळी तालमीत पोरांचे जोर मोजणे. त्यांना पाहून कुणी परका म्हणेल काय?

पण २० नोव्हेंबर २०२४ चा दिवस मला विसरता येत नाही. विधानसभेचे मतदान होते. आमची सारी गल्ली नवे कपडे घालून लग्नाला निघाल्यासारखी निघाली होती. आईला मी रिक्षात घातले. अण्णा कट्ट्यावर एकटेच बसले होते. परत आलो तेव्हाही तिथेच होते. त्यांनी माझा हात हातात घेतला, बोटावरची शाई निरखून पाहिली, आणि अंगठ्याने हलकेच पुसून पाहिली. ती अर्थातच पुसली गेली नाही.

त्या रात्री त्यांनी मला घरी बोलावले आणि डब्याच्या तळातून एक कागद काढला. ते कार्ड घेऊन पाच वर्षे झाली आणि अर्जापूर्वी वर्षभर इथे राहणे झाले, तर पुन्हा भारताचे नागरिक होण्यासाठी अर्ज करता येतो. तो जिल्हाधिकारी कचेरीच्या वाटेने दिल्लीला जातो. अण्णांनी तो छापून घेऊन निम्मा भरला होता. अक्षर शाळेतल्यासारखे, गोल.

"मग अडलंय कुठं?" मी विचारले.

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "ही तिकडं हाय न्हवं."

काकू २०१३ साली कॉव्हेंट्रीतच गेल्या. तिथल्या दहनभूमीच्या बागेत त्यांच्या नावाची पाटी लावलेले एक गुलाबाचे झाड आहे. अण्णा एकदोन वर्षांनी जातात, वाळकी पाने काढतात, नातीच्या हातचा चहा पिऊन परत येतात. इकडचे नागरिकत्व घ्यायचे तर तिकडचे सोडले पाहिजे. दोन्ही ठेवण्याची आपल्या कायद्यात सोय नाही. ते सोडले की गुलाबापाशी जायला व्हिसा. फोटो, बँकेचे उतारे, बोटांचे ठसे, आणि एक्याऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याने, आपण परत येणार आहोत, हे एखाद्या पोराला पटवून देणे.

"तिनं माजा पासपोर्ट इरकलीत ठेवला," अण्णा म्हणाले, "आनि मी तिच्याकडं जायाचा पासपोर्ट टाकून दिऊ?"

मला उत्तर सुचले नाही. कायदा चुकीचा आहे असे मी म्हणत नाही. एका माणसाने एका देशाचे व्हावे, ही अपेक्षा रास्तच आहे. पण माणसाचे आयुष्य सातबाराप्रमाणे एका गटात बसत नाही. त्याचा थोडा वाटा बापाच्या रानात असतो, थोडा बायकोच्या गुलाबाखाली. अण्णांनी कागदाची पूर्वीच्याच घडीवर घडी घातली आणि तो डब्याच्या तळाशी ठेवला. फाडला मात्र नाही.

यंदा दिवाळीच्या तोंडावर ते लांबट पाकीट पुन्हा आले. एके वर्षी असे पाकीट वाटेतच रेंगाळले होते आणि अण्णांचे पेन्शन काही महिने बंद पडले होते. कागदावर ते तेवढे दिवस मेलेलेच होते. म्हणून या वेळी ते आल्या दिवशीच हजर झाले. आईने लाडू पुढे केला. मी चष्मा लावला, पेन उघडले आणि सवयीने सही करायला वाकलो.

"अवं मास्तर, न बघताच? वर बघा की जरा!"

मी वर पाहिले. बरेच दिवसांत मी त्यांच्याकडे असे पाहिले नव्हते. दाढीचे खुंट पांढरे झाले होते, मान थोडी हलत होती, लाडूचा कण मिशीत अडकला होता. डोळे मात्र तालमीच्या दारात उभ्या असलेल्या पोराचे. मी सही केली, तारीख घातली.

अण्णांनी कागद वाऱ्यावर धरून शाई वाळवली, पाकीट काळजीपूर्वक बंद केले आणि उठता उठता म्हणाले, "झालं. आता म्होरलं पाकीट येईतोवर मला मराय येत न्हाई. मास्तराची सही खोटी पडंल."