नाव नाही घेतलं, तरी…

मैत्रिणींनो, कुंतीनं कर्णाच्या जन्माची गोष्ट लपवली म्हणून धर्मराजानं शाप दिला, आणि तेव्हापासून बायकांच्या पोटात काही राहत नाही, असं म्हणतात. मला मात्र वाटायचं, मी त्यातली नव्हे! सकाळी शाळेत अर्धवेळ शिकवते आणि आठवड्यातल्या दोन दुपारी गावातल्या महिला समुपदेशन केंद्रात नोंदी लिहायला जाते. येणाऱ्या बाईची माहिती फॉर्मवर उतरवायची, फाइल कपाटात ठेवायची, एवढंच माझं काम.

दोन वर्षांपूर्वीची संक्रांत. शेजारी हळदीकुंकू होतं. बोलणं सुनांच्या छळावर आलं आणि मी म्हटलं, "अहो, आमच्याकडे एक येते. शिवणाचे पैसेसुद्धा नवरा काढून घेतो. जुळ्या मुली पदरात. रात्री घराबाहेर काढलं होतं तिला." नाव घेतलं नाही, पत्ता सांगितला नाही. सगळ्याजणी हळहळल्या. आपण काही वावगं बोललो असं मला वाटलंसुद्धा नाही.

पुढच्या मंगळवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तिसऱ्या आठवड्यात आली ती आपले कागद परत मागायला. "बाई, मी इथं येते हे सासूबाईंना कळलं. शिवणकाम करणारी, जुळ्या मुलींची आई आमच्या भागात मी एकटीच आहे."

बोलले ती मीच, हे मी तिला तिथंच सांगितलं. ती चिडली नाही, रडली नाही. एवढंच म्हणाली, "तुम्ही वाईट नाही बोललात. पण मला त्याच घरी जायचं असतं ना!"

(इथं लिहिताना तिच्या खुणा मी बदलल्या आहेत, तेवढं तरी शिकले.)

केंद्राच्या ताईंनी मला काढलं नाही, पण महिनाभर कपाटाची किल्ली माझ्याकडे दिली नाही. मग एकेक गोष्ट नीट समजावली. २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात, पक्षकाराची इच्छा असेल तर, दंडाधिकाऱ्यांना सुनावणी बंद दाराआड घेता येते. न्यायालय जे दार लावून घेतं, ते मी हळदीकुंकवात सताड उघडलं होतं!

आता मी फाइल टेबलावर टाकून चहाला उठत नाही. फोन कोणत्या नंबरवर, किती वाजता करायचा, ते त्या बाईलाच विचारते. दुसऱ्या कुणी उचलला तर केंद्राचं नाव घेत नाही. घरी 'ह्यां'नी विचारलं तरी "काम होतं," एवढंच उत्तर.

मात्र 'कुणालाच सांगणार नाही' असं सरसकट वचनही द्यायचं नसतं. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं. हे आधी सांगायचं, मग तिचं ऐकायचं.

तुम्ही केंद्रात जात नसाल. पण शेजारीण तुमच्यापाशी मन मोकळं करतेच ना? तिची गोष्ट सांगताना नुसतं नाव गाळून भागत नाही. आपली गावं लहान असतात.

ती पुन्हा आमच्याकडे आली नाही. ताईंनी तिला दुसऱ्या गावच्या केंद्राचा पत्ता दिला होता. ती तिथं गेली का, हे मी विचारलेलं नाही. विचारलं तरी ताई सांगणार नाहीत, आणि तेच बरोबर आहे.